शब्द तोच, सूर न्यारा

वाचकहो, ऐन दिवाळीत दुखण्याचा विषय काढला म्हणून रागावू नका. घरची सगळी माणसे एका पंगतीला सापडतात ती याच चार दिवसांत, आणि ही गोष्ट सगळ्यांनी मिळूनच ऐकण्याची आहे.

कागल तालुक्यातले बिद्री आपल्याला ठाऊक असते ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. तिथल्या एका घरचे आबा जन्मभर उसात राबले. पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवे अंग लुळे पडले आणि तोंडात दोनच शब्द राहिले: "टोळी आली." तहान लागली, टोळी आली. नातवाने पाय चेपले, टोळी आली. पहिल्यांदा पोरे हसली, मग घर घाबरले. शेजारणीने देवऋषी सुचवला. थोरला मुलगा एकदा ओरडलाच, "आबा, कुठली टोळी? मुद्दाम करताय व्हय?" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन् पाणी आले, आणि तोंडातून निघाले पुन्हा तेच.

सुनेने मात्र नेमके हेरले. सासूला म्हणाली, "आत्ती, शब्द त्योच हाय, पर सूर न्यारा हाय."

बाई शहाणी! पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात १८६१ साली पॉल ब्रोका या शस्त्रवैद्याने असाच एक रोगी पाहिला. तो तिथे २१ वर्षे होता आणि कशालाही उत्तर एकच देई, "तान, तान." (आमच्या गवयांना हा रोगी फार आवडला असता!) बोललेले त्याला पुष्कळसे समजे. मरणानंतर मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूला, पुढच्या भागात बिघाड सापडला. उजव्या अंगाचा कारभार डाव्या मेंदूकडे, आणि बहुतेकांची वाचाही तिथेच. म्हणून दोन्ही पुष्कळदा एकदमच जातात. याला वाचाघात म्हणतात. हे वेड नव्हे, हट्ट तर नव्हेच.

"जेवलास का?" हा धडधाकट प्रश्न तासाला दहादा विचारणारे वडील निराळे. त्यांची वाचा शाबूत असते, आठवण निसटलेली असते. त्यांना रागावून उपयोग नाही. पाटीवर उत्तर लिहून समोर टांगावे.

वाचाघातात ठरीव बोली मात्र कित्येकदा टिकते: आकडे, वारांची नावे, आरती. आबांच्या तोंडून एकादशीच्या भजनात "विठ्ठल" स्पष्ट निघाले आणि घर चकित झाले. सुरावरून बोलण्याकडे नेण्याची एक पद्धत अमेरिकेत १९७३ पासून आहे. वाचा-उपचार करणाऱ्या माणसाकडे रोग्याला न्यावेच. घरी एका वेळी एकच प्रश्न विचारा, तांब्या आणि कप दोन्ही समोर धरा, रेडिओ बंद करा, आणि उत्तरासाठी मनात दहा मोजा. थोरला अजून पाचच मोजतो, पण ओरडत नाही.

आणखी एक. तोंड वाकडे झाले, हात गळला, बोलणे अडखळले, की तेल चोळत बसू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही मेंदूचे चित्र काढून मग. झटका किती वाजता आला ते ध्यानात ठेवा आणि गाडी थेट मेंदूचा स्कॅन होतो अशा इस्पितळाकडे काढा.