रिकाम्या हाताने परत या



अंदमान म्हटले की आपल्याला सेल्युलर जेल आठवते. तेथून सुमारे ३० किलोमीटरवर वंडूर हे गाव आहे. तेथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली स्थापन झाले. त्यात १५ बेटे, खारफुटीची जंगले आणि समुद्राखाली प्रवाळांच्या बागा आहेत. उर्दूत आपण ज्याला मूंगा किंवा मरजान म्हणतो, तेच हे प्रवाळ.

या उद्यानाचे नियम कडक आहेत. जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे पर्यटकांसाठी आळीपाळीने उघडतात. एक उघडे असताना दुसऱ्याला विश्रांती मिळते. प्लास्टिकच्या पिशव्या बेटावर नेता येत नाहीत. शंख, शिंपले, प्रवाळ काहीही उचलायचे नाही. काही लोक कुरकुरतात, "एवढा खर्च करून आलो, मग एक आठवणही न्यायची नाही का?"

खरे सांगू? मीही चुकलो होतो. काचेच्या तळाच्या होडीतून रंगीत मासे आणि प्रवाळ पाहिले. नंतर किनाऱ्यावर प्रवाळाचा एक पांढरा तुकडा दिसला. तुम्हाला वर्गात दाखवावा म्हणून मी तो खिशात टाकला. नावाड्याने ते पाहिले. तो शांतपणे म्हणाला, "हा इथलाच आहे, इथेच राहू द्या." मी ओशाळलो आणि तुकडा जागेवर ठेवला.

मेलेला तुकडा नेला तर काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. प्रवाळ हा दगड नव्हे. असंख्य लहान जीव मिळून तो बांधतात. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. मेलेल्या प्रवाळाची वाळू होते आणि त्याच्या सांगाड्यावर नवे जीव घर करतात. रोज येणाऱ्या प्रत्येकाने एकेक तुकडा नेला, तर मागे काय उरेल?

२०१० आणि २०१६ साली समुद्राचे पाणी तापले आणि अंदमानातील पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले. नियमांनी समुद्र थंड होत नाही, हे खरे. पण आजाऱ्याला निदान धक्का तरी लावू नये. म्हणून मला हे नियम जाचक वाटत नाहीत. पाहुण्याने घरातील वस्तू उचलून नेऊ नये, एवढेच ते सांगतात.

अंदमान दूर आहे. पण आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तेथे सहलीला गेलात, तर डोळे भरून पाहा आणि रिकाम्या हाताने परत या. मी तो तुकडा आणला नाही. म्हणून तर ही गोष्ट तुम्हाला सांगू शकलो.