उधन्यातली वही

कारकुनाला रजिस्टरचे भारी कौतुक, असे लोक हसून म्हणतात. वीस वर्षे आवक-जावक लिहिणारा मी ते नाकारणार नाही. पण सुरतेच्या उधन्यात, ताईच्या घरी, 2023 च्या संक्रांतीला पाहिलेल्या एका साध्या वहीने मला जे शिकवले, ते कचेरीत कधी शिकलो नव्हतो.

उधना म्हणजे यंत्रमागांची, डाईंगची गजबजलेली वस्ती. इथूनच जळगावची रेल्वे फुटते, त्यामुळे खानदेशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथे येऊन राहिली. गल्लीत मराठी, गुजराती, उडिया सगळेच ऐकू येते. उत्तरायणच्या दिवशी तर सारे गाव गच्चीवर! पण काच लावलेल्या त्या मांजाने पाखरांचे पंख कापले जातात. नायलॉनच्या मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी तो मिळतो; आणि सुती दोराही काही कमी धारदार नसतो. गुजरात सरकार त्याच वर्षापासून जानेवारीत ‘करुणा अभियान’ चालवते. जखमी पक्षी दिसला की 1962 क्रमांकावर फोन करायचा.

माझा भाचा आणि त्याचे गल्लीतले दहा-बारा सोबती हेच काम करतात. त्यांच्या मंडळाला ना अध्यक्ष, ना लेटरपॅड. पण प्रत्येकाला ठरलेले काम. दोघे लांब बांबू घेऊन फिरतात. एकाने खोक्यांना भोके पाडून ठेवायची. शेजारच्या काकू गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत, त्या फोन घेतात. रात्रपाळीचा एक कारागीर सणानंतर पहाटे कामावरून येताना तारांत, झाडांत अडकलेला दोरा काढतो. मला म्हणाले, “मामा, तुमचं अक्षर चांगलं, तुम्ही वही धरा.”

वहीत रकाने होते : वेळ, जागा, पक्षी, कोणी आणला, पुढे काय झाले. कबुतर, बगळा, घार, संध्याकाळी एक काळा शराटी. मागच्या वर्षीची पाने उलटून ते ठरवत होते, यंदा कोणत्या नाक्यावर उभे राहायचे. सकाळी आणि सांजवेळी, पाखरे उडतात-परततात तेव्हा जखमा जास्त, हे त्यांना कोणा तज्ज्ञाने सांगण्याआधी त्या वहीने सांगितले होते.

मला आमचे गोव्यातले मंडळ आठवले. निसर्गप्रेमी मित्रांनी स्थापन केले, चाळीसेक नावे नोंदली, मी चिटणीस. महिन्याला व्याख्यान, पावसाळ्यात धबधब्याची सहल, वर्षाला एक फोटो प्रदर्शन. हळूहळू पाचजण उरले. वार्षिक अहवालात मी लिहिले, “सदस्य उदासीन आहेत.” आज त्या वाक्याची लाज वाटते. आम्ही त्यांना काम दिले कुठे होते? आम्ही त्यांना फक्त खुर्च्या दिल्या होत्या.

त्याची किंमत पुढे कळली. गावच्या सड्यावर बांधकामाचा प्रस्ताव आला, हरकती मागवल्या गेल्या. तिथे दरवर्षी टिटवी अंडी घालते, हे आम्हा सर्वांना ठाऊक. पण कोणत्या वर्षी, कुठे, कोणी पाहिली? एक ओळ लिहिलेली नव्हती. सुंदर फोटो होते, तारखा नव्हत्या. मुदत संपली तेव्हा आमच्या हरकतीत भावना होती, पुरावा नव्हता.

आता कोणी म्हणेल, असली शिस्त मोठ्या संस्थांना शोभते. पण 1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली ती आठ माणसांनी. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. महिन्यातून एकदा भेटायचे आणि प्रत्येकाने आपापल्या नोंदी, नमुने दाखवायचे, एवढाच बेत होता. म्हणजे येणारा प्रत्येकजण काहीतरी घेऊन येणार. श्रोता म्हणून कोणीच नाही.

उधन्याहून परतल्यावर आम्ही व्याख्याने बंद केली. प्रत्येकाने आपली एक जागा निवडली. कोणी तळे, कोणी कुळागर, कोणी शाळेमागचा वड. रविवारी तिथे पंधरा मिनिटे उभे राहायचे, दिसेल ते मोजायचे, लिहायचे. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहायचे. फेब्रुवारीतल्या जागतिक पक्षीगणनेतही किमान पंधरा मिनिटांचाच नियम आहे. पाचाचे अकरा झालो. निवृत्त पोस्टमन आहेत, नववीतली एक मुलगी आहे. ती आली नाही तर तिच्या तळ्याचे पान कोरे राहते, हे तिला माहीत आहे; म्हणून ती येते.

सड्याचे काय होणार, ते अजून ठरलेले नाही. पण टिटवीची चार अंडी आता आमच्या वहीत आहेत. तारीख, जागा आणि पाहणाऱ्याची सही, तिन्हीसकट. तुमच्या गावीही असे एखादे मंडळ मरगळले असेल, तर पुढच्या सभेला पाहुणा वक्ता शोधू नका. एक शंभर पानी वही विकत आणा.