तिसाव्या दिवशी रुग्ण कुठे असतो?

पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियांचा आपल्याइतका अनुभव जगात थोड्यांच्याच गाठीशी असेल. जिल्हा रुग्णालय असो की वैद्यकीय महाविद्यालय, पर्फोरेशन किंवा ऑब्स्ट्रक्शनशिवाय इमर्जन्सी क्वचितच सरते. तरीही निवासी डॉक्टरांना आपण जे शिकवतो, त्यातले बरेचसे परदेशातल्या रुग्णांवर तपासलेले असते. पैसा नाही, वेळ नाही, माणसे नाहीत, ही कारणे आपल्याला तोंडपाठ आहेत. चेन्नईतला एक जुना अभ्यास मात्र ती पुरती पटू देत नाही.

1956 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तेव्हाचे मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांचे संशोधन केंद्र उघडले. चेटपेटमधली आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. प्रश्न अडचणीतूनच आला होता: रुग्ण अफाट, खाटा मोजक्या, मग औषधे घरीच दिली तर? चिठ्ठी टाकावी तसे रुग्णांचे दोन गट पाडले गेले. औषधे दोन्ही गटांना तीच, आयसोनियाझिड आणि पास. एका गटाला सॅनेटोरियममधली विश्रांती आणि सकस आहार. दुसऱ्याच्या वाट्याला दाटीवाटीची घरे, तुटपुंजे जेवण आणि रोजचे काम. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर दोन्ही गट जवळपास बरोबरीत होते. घरच्या माणसांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. रुग्ण घरात राहिल्यामुळे त्यांच्यात क्षय वाढल्याचे आढळले नाही. सॅनेटोरियमची सक्ती जगभरातून उठण्यास या अभ्यासाचा मोठा हातभार लागला.

शल्यचिकित्सकांनी यातली कार्यपद्धती नीट पाहावी. केंद्राचे कर्मचारी न सांगता रुग्णाच्या घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, औषध पोटात गेले की नाही हे लघवी तपासून पाहत. संशोधन दवाखान्याच्या दारात थांबले नाही, म्हणून ते टिकले.

आपले तिथेच अडते. जखम उसवणे, पू होणे, हर्निया, बुडालेली मजुरी हे सारे बहुधा डिस्चार्जनंतर घडते. केसपेपरवरचा मोबाइल नंबर असतो त्या रात्री गाडी काढून आलेल्या गावकऱ्याचा. स्टोमा करून पाठवलेला ऊसतोड कामगार दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर निघून जातो आणि आपल्या तक्त्यात ‘गुंतागुंत नाही’ अशी नोंद होते. ही नोंद खोटी नसेल, पण खरीही नाही.

परक्या मोजपट्ट्यांचेही तसेच. मॅनहाइम पेरिटोनायटिस इंडेक्स 1987 पासून प्रचलित आहे आणि आपल्याकडे तो थिसिसचा हुकमी विषय आहे. त्यात दाह 24 तासांहून जुना असेल तर 4 गुण, उगम मोठ्या आतड्याबाहेर असेल तर आणखी 4. आपले पर्फोरेशन बहुतेक वेळा ड्युओडेनम किंवा इलियमचे असते आणि पुष्कळ रुग्ण गावातली इंजेक्शने घेऊन एक दिवस उलटल्यावर येतात. म्हणजे हे आठ गुण आपण जवळपास सरसकट वाटतो. मग गंभीर आणि कमी गंभीर यांत फरक करायला हे दोन निकष काय कामाचे? इंडेक्स पुन्हा पुन्हा ‘उपयुक्त’ ठरवण्यापेक्षा हा प्रश्न घेऊन केलेला थिसिस अधिक मोलाचा ठरेल.

एकट्या युनिटकडे रुग्ण कमी असतील, तर युनिटे जोडावीत. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लोबलसर्ज अभ्यासात 58 देशांतल्या 357 केंद्रांवरच्या 10,745 तातडीच्या पोटाच्या शस्त्रक्रियांची माहिती होती. ती गोळा करण्यात निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी आघाडीवर होते. भारतासह सात देशांतल्या 81 रुग्णालयांत झालेल्या चीता चाचणीने एक साधा प्रश्न विचारला: पोट शिवण्याआधी हातमोजे आणि उपकरणे बदलली तर जखम कमी चिघळते का? तिथे चिठ्ठी रुग्णांची नव्हे, रुग्णालयांची टाकली गेली. 13,301 रुग्णांत जखमेच्या संसर्गाचे प्रमाण 18.9 टक्क्यांवरून 16.0 टक्क्यांवर आले. यात निवडक आणि तातडीच्या, दोन्ही शस्त्रक्रिया होत्या. मध्यरात्री वेदनेने तळमळणाऱ्या माणसाकडून संमती घेण्याचा पेच अशा रचनेने हलका होतो, सुटत नाही. नीतिसमितीपुढे जाणे चुकत नाही.

म्हणून वाचकांपुढे एक छोटा प्रस्ताव ठेवतो. प्रत्येक तातडीच्या लॅपरोटॉमीच्या केसपेपरवर चार वेळा लिहा: दुखणे सुरू झाले ती, कॅज्युअल्टीत पोचला ती, पहिले अँटिबायोटिक दिले ती आणि चीर घेतली ती. घरातल्या दोन माणसांचे नंबर वेगवेगळे घ्या. तिसाव्या दिवशी फोन करा आणि रुग्ण जिवंत आहे का, जखम कशी आहे, कामावर गेला का, एवढेच विचारा. फोन लागला नाही तर तेही लिहा. यासाठी अनुदान लागत नाही. युनिटप्रमुखाने दर आठवड्याला वही मागितली पाहिजे, एवढेच. आपल्या दोन-तीन शेजारी महाविद्यालयांनी वर्षभर हे केले, तर पुढच्या तुकडीला थिसिसचे प्रश्न बाहेरून आणावे लागणार नाहीत. येत्या एक तारखेपासून सुरुवात करा.