भाद्रपदातील माज, दिवाळीतील कळा

कुत्र्यांचा भाद्रपद आपल्या बोलीत चांगलाच रुळला आहे. त्यापुढचे गणित मात्र क्वचितच कोणी मांडून पाहतो. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. श्रावणाच्या अखेरीस किंवा भाद्रपदाच्या आरंभी फळलेली कुत्री दिवाळीच्या आगेमागे विते. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातील गोरेगावासारख्या गावी हेच दिवस सोयाबीनच्या काढणीचे. आखाड्यावर मळणीयंत्राची घरघर, वस्तीत फटाके, दारात पाहुण्यांची वर्दळ. घरात वाढलेली कुत्री वर्षात केव्हाही माजावर येऊ शकते. गावठी कुत्र्यांची वीण मात्र बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस होते, आणि तिच्या प्रसूतीची नाजूक घटिका आपल्या वर्षातील सर्वाधिक गलबल्याच्या दिवसांत येऊन ठेपते.

भीती वाटली की तिच्या देहात काय घडते? मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी क्षणार्धात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. त्यामागोमाग मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथी यांच्या आज्ञेवरून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात वाढू लागते. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली दाखवून दिले, की थंडी असो, इजा असो वा विष, शरीर या निरनिराळ्या आघातांना बऱ्याच अंशी एकाच साच्याचे उत्तर देते. प्रजननाची सूत्रेही त्याच हायपोथॅलॅमसच्या हाती असतात. ताण दीर्घकाळ टिकला, की अंडाशयाला जागे करणारे त्याचे संदेश मंदावतात. संकट टळेपर्यंत अपत्य नको, असा हा देहाचा हिशेब आहे. त्याला आजार म्हणणे मला रास्त वाटत नाही.

या हिशेबाची किंमत कुत्रीला अधिक मोजावी लागते. गायीचा माज तीन आठवड्यांनी परततो. कुत्रीच्या दोन माजांत सरासरी सात महिन्यांचे अंतर असते. कधी सूज आणि रक्तस्राव सुरू होतो, पण बीज सुटण्यापूर्वीच सारे ओसरते आणि काही आठवड्यांनी माज पुन्हा प्रकटतो. पहिल्या-दुसऱ्या माजाच्या तरुण कुत्रीत हे पुष्कळदा दिसते. लांबचा प्रवास, नवे घर, मालक बदलणे हीही त्याची निमित्ते असू शकतात. म्हणून माज चुकला, की माज आणणाऱ्या इंजेक्शनाची मागणी करण्यापूर्वी गेल्या दोन-तीन महिन्यांत तिच्या आयुष्यात काय बदलले, ते आठवून पशुवैद्यकांना सांगावे. दूरच्या गावी नेऊन, टेम्पोतून उतरताच तिला नरासमोर उभी करणे तर सर्वस्वी अनुचित.

गर्भ राहिल्यावर एखाद्या फटाक्याने तो पडेल, अशी धास्ती बाळगू नये. खरा धोका पुष्कळदा घरातील औषधांच्या डब्यात असतो. खाज थांबावी म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या म्हणजे कॉर्टिसॉलचीच प्रयोगशाळेत घडवलेली, अधिक प्रखर भावंडे. गाभण कुत्रीला त्यांच्या मात्रा वारंवार मिळाल्या तर गर्भपात होऊ शकतो, पिलांत टाळू दुभंगण्यासारखे व्यंगही येऊ शकते. मागच्या खेपेची उरलेली गोळी आपल्या मनाने देऊ नका, आणि कुत्री गाभण असल्याची शंका असली तरी दवाखान्यात ती आधी बोलून दाखवा.

तणावाचा सर्वांत ठळक परिणाम दिसतो तो विताना. गर्भाशयाचे आकुंचन ऑक्सिटोसिनवर चालते. अ‍ॅड्रिनलिन त्याच स्नायूंना सैल करते. रानात विणाऱ्या मादीला शत्रूची चाहूल लागली, तर कळा थांबणे हेच तिच्या हिताचे. आपल्या ओसरीवर मात्र शत्रू नसतो. असतात ती कुतूहलाने वाकून पाहणारी दहा मुले, मोबाइलचा उजेड आणि अंगणातील सुतळी बॉम्ब. तिच्या देहाला हा भेद कळत नाही. कॉर्टिसॉलला खलनायक ठरवण्याचेही कारण नाही. प्रसूती जवळ आली की ते स्वाभाविकपणेच वाढते. उपद्रव आहे तो बाहेरून लादलेल्या भयाचा.

तेव्हा आठ-दहा दिवस आधीच रस्त्यापासून दूरची, अंधारी, कोरडी खोली किंवा गोठ्याचा कोपरा तिला सवयीचा करून द्या. जुन्या सुती लुगड्याचे अंथरूण पुरेसे आहे. प्रसूतीपूर्वीच्या दिवसभरात तिच्या अंगाचे तापमान सुमारे एक अंश सेल्सिअसने उतरते. ती अन्न टाकते, अंथरूण उकरते. त्या वेळी तिच्या ओळखीचे एकच माणूस जवळ असावे. नंतरही आठवडाभर पिले हाताळण्याची हौस आवरावी. घाबरलेल्या आईचा पान्हा नीट सुटत नाही, ती पिलांना तोंडात धरून जागा बदलत राहते, क्वचित त्यांना इजाही करते.

शांतता म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिलू बाहेर न येणे, पोटात पिले शिल्लक असताना दोन तासांहून अधिक खंड पडणे, किंवा एकही पिलू न होता हिरवट स्राव दिसणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी प्रवासाचा ताण पत्करूनही तिला दवाखान्यात न्यावे. कळा वाढवण्याचे इंजेक्शन पशुवैद्यकाने तपासल्याशिवाय कोणाकडूनही टोचून घेऊ नये. पिलू आडवे अडकले असेल तर गर्भाशय फाटू शकते. दिवाळीच्या सुटीत दवाखाना उघडा सापडेल याचा भरवसा नसतो. म्हणून तिचे दिवस भरत आले, की जवळच्या पशुवैद्यकांचा दूरध्वनी आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीचा १९६२ हा क्रमांक दोन्ही दारामागच्या दिनदर्शिकेवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा, आणि गाडी कोणाची मिळेल तेही आधीच विचारून ठेवा.