लेकरं चार दिवस सांभाळायची तर

आमच्या कळसमध्ये, आमच्याच गल्लीच्या टोकाला, एक खाला राहतात. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढं येईलच. त्यांची धाकटी बहीण वारली, मेहुणे त्याआधीच अल्लाहला प्यारे झाले होते. मागं राहिली दोन लेकरं, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. खालांनी पदर खोचला, पुण्याच्या फेऱ्या मारल्या, बाल कल्याण समितीपुढं उभ्या राहिल्या. आता ती लेकरं त्यांच्याकडं आहेत, रीतसर, कागदावर. बालसंगोपन योजनेतून एका लेकरामागं महिन्याला २२५० रुपये मिळतात. तेवढ्यात वह्या-कपडे निघतात, बाकीचं अल्लाह चालवतो.

बकरीदच्या आधी खालांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं, तेही पुण्यात. त्या आमच्या दारात आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "चार दिवस लेकरं तुमच्याकडं ठेवता का?" आम्ही दोघं एका सुरात हो म्हणालो. यात काय मोठंसं? आमची तीन वाढवली, दोन आणखी. चार दिवस तर!

पहिल्या रात्रीच आमचा ताठा उतरला. मुलगी अंथरुणावर येईना. दप्तर मांडीवर घेऊन दाराशी बसून राहिली. मुलगा झोपला, पण सकाळी अंथरूण काढताना उशीखाली अर्धी भाकरी निघाली. आम्ही हसलो, म्हणालो, "अरे, इथं भाकरीला तोटा आहे का?" हसायला नको होतं. ज्या लेकरानं एकदा घर हललेलं पाहिलं, त्याला उद्याच्या भाकरीचा भरवसा नसतो, एवढं साधं आम्हाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी याहून मोठी चूक झाली. पाहुणे आले होते. चहा देताना आमच्यातल्या एकाच्या तोंडून गेलं, "बिचारी, यतीम आहेत." मुलगी मागंच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि दिवसभर बोलली नाही. त्याच संध्याकाळी नवे कपडे घातलेल्या दोघांचा फोटो आम्ही व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकला, वर दोन ओळी पुण्याईच्या. तासाभरात योजनेचं काम पाहणाऱ्या ताईंचा फोन. त्या रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नं मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्ही फोटो काढून टाकला. पाहायचा त्यांनी तोवर पाहिला होता.

म्हणून या महिन्यात हाच विषय. लेकरू घरात घेणाऱ्या कुटुंबाबद्दल कोणी ना कोणी लिहितं. त्या कुटुंबाला चार दिवस, चार तास हात देणाऱ्याबद्दल कोणी लिहीत नाही. अमेरिकेत पोशिंद्या कुटुंबांची मुलं सांभाळणाऱ्यांसाठी बऱ्याच राज्यांत नियम आहेत: वय किती हवं, पोलीस तपासणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण. नियम इतके वाढले की साधं शेजारच्या घरी खेळायला पाठवायचं तरी परवानगी, असं होऊ लागलं. शेवटी २०१४ साली तिथं कायदा करून पोशिंद्या आईबापांना रोजचे साधे निर्णय स्वतः घ्यायची मोकळीक द्यावी लागली. आपल्याकडं उलट आहे. आपण लेकरू कोणाच्याही हवाली करतो आणि विचारत कोणालाच नाही.

आपल्या दीनच्या इतिहासात या कामाचं एक नाव आहे, आणि ते आपण पुरेसं घेत नाही. हलीमा सादिया (रजि.) सगळ्यांना ठाऊक आहेत. पण प्रेषित मुहम्मद (स.) सहा वर्षांचे असताना मदीनेहून परततीच्या वाटेवर अबवा इथं आमिना वारल्या, तेव्हा त्या पोरक्या लेकराजवळ कोण होतं? उम्मे ऐमन (रजि.). घरात काम करणारी एक हबशी बाई. त्यांनी त्या लेकराला मक्केपर्यंत आणलं, आजोबा अब्दुल मुत्तलिब यांच्या हाती सोपवलं आणि पुढंही त्या जवळ राहिल्या. आईनंतरची आई, असा त्यांचा मान प्रेषितांनी (स.) आयुष्यभर ठेवला. आजोबांचं घर, मग चुलते अबू तालिब यांचं घर, अशी घरं बदलली. त्या बाईचा हात मात्र सुटला नाही. ना त्या नात्याच्या, ना वारसाच्या. दोन घरांच्या मधली वाट त्यांनी चालून दाखवली.

आमच्या वाचक भगिनी नेहमी विचारतात की दुसऱ्याचं लेकरू घरात घेणं शरीअतला चालतं का. लेकराचं पालनपोषण करणं, म्हणजे कफालत, हे मोठ्या सवाबाचं काम आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याचं नाव आणि नसब बदलण्याचा. लेकराला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारा, हे कुरआनच्या सूरह अहजाबमध्ये आहे. आता गंमत पाहा, सरकारी भाषेत ज्याला प्रतिपालकत्व म्हणतात त्यात नेमकं हेच आहे. लेकराचं नाव तेच राहतं, बापाचं नाव तेच राहतं, वारसा बदलत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात तर विसाव्या कलमात कफालतचा उल्लेख नावानिशी आहे, आणि भारतानं तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. ज्यांना दत्तकच घ्यायचं आहे त्यांच्यासाठी बाल न्याय कायद्याचा मार्ग मोकळा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शबनम हाश्मी यांच्या खटल्यात म्हटलं. तो मार्ग घ्यायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. लेकराला काही द्यायचं मनात असेल तर मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. ते आपल्या इमामसाहेबांना आणि वकिलाला, दोघांनाही विचारून करावं.

एक मात्र कोणी करू नये. "माझ्या जावेला मूल नाही, तिला देऊन टाकू," असं म्हणून बाहेरचं लेकरू घरच्या घरी देणं-घेणं. आपल्या भागात हे होतं, हॉस्पिटलच्या दारातून होतं. अनाथ किंवा टाकलेलं मूल कायद्याची रीत सोडून दत्तक दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि असं मूल कोणाला सापडलं तर २४ तासांच्या आत कळवायचं असतं. १०९८ हा नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता सांभाळणाऱ्याचं प्रमाणपत्र. "पोशिंद्या कुटुंबाचा मदतनीस" असं कार्ड आपल्याकडं कोणी देत नाही. पण कायद्यात एक जागा आहे: कलम ५२, "योग्य व्यक्ती". बाल कल्याण समिती तुमची पडताळणी करून, ठरावीक काळासाठी लेकरू तुमच्याकडं सोपवायला तुम्ही लायक आहात असं मान्य करू शकते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक बाई. या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, म्हणून तिथं तोंडी ओळख चालत नाही, कागद लागतो. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं. चारित्र्य पडताळणी पुणे ग्रामीण पोलिसांकडून. तब्येतीचा दाखला, घराची पाहणी. कळसहून पुण्याला जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, तेव्हा सगळे कागद एका पिशवीत घालून, झेरॉक्ससकट, एकदाच जावं. हे आम्ही तीन फेऱ्यांनंतर शिकलो.

प्रथमोपचार शिकायचा तर सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि इंडियन रेड क्रॉस या दोन्ही संस्था शिकवतात आणि प्रमाणपत्रही देतात. आम्ही शिकलो तेव्हा आमच्यातला एक कुरकुरत होता, तीन पोरं वाढवल्यावर आता काय शिकायचं म्हणून. मग बाहुलीच्या छातीवर हात ठेवल्यावर कळलं की दाब किती द्यायचा याचा आम्हाला पत्ता नव्हता. घशात दाणा अडकलेल्या लेकराच्या तोंडात आपण बोट घालतो, ते चूक. दाणा आणखी आत जातो. पुढं वाकवून पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, तळहातानं पाच नेट लावून थापा. हगवणीत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं, सपाट. साप चावला तर करकचून बांधणं नाही, चिरणं नाही, मांत्रिक नाही. लेकराला हलू न देता १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना.

आणि आपल्या भागाचं म्हणून जे आहे ते कुठल्या पुस्तकात नसतं. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात नीरा डावा कालवा आहे, विहिरी आहेत, शेततळी आहेत. शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. नव्या घरी आलेलं लेकरू पहिल्या दोन दिवसांत पळतं, हे ध्यानात ठेवा. पळून कुठं जाईल ते आधी फिरून पाहा. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. फवारणीचं औषध आपण थंड पेयाच्या बाटलीत ओतून खिडकीत ठेवतो. आमच्याही खिडकीत ती बाटली होती. त्या चार दिवसांत काही झालं नाही, ही अल्लाहची मेहरबानी, आमची हुशारी नव्हे.

पडद्याचाही प्रश्न निघतो, निघायलाच हवा. घरात आपला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असेल आणि वयात आलेली मुलगी सांभाळायला येणार असेल तर हो म्हणण्याआधी विचार करा. झोपायची जागा वेगळी करता येत नसेल तर सरळ सांगावं, की दिवसा ठेवतो, रात्री नाही. नाही म्हणण्यात कमीपणा नाही. आणि लेकरू दुसऱ्या धर्माचं असेल तर? त्याचं नाव, त्याचा देव, त्याचं जेवण त्याच्यापाशी राहू द्यावं. आपलं लेकरू दुसऱ्याच्या घरी असतं तर आपण हेच मागितलं असतं.

चौथ्या दिवशी खाला परत आल्या, वाकून चालत. मुलगी धावत गेली नाही. आधी भावाचं दप्तर भरलं, मग आपलं, आणि मग दारातून मागं वळून आमच्याकडं पाहिलं. आम्ही तिला दोन दिवसांपूर्वीच माफी मागितली होती. लेकराची माफी मागायला जीभ किती जड होते, ते त्या दिवशी कळलं. तिनं मान हलवली होती, एवढंच.

खालांना तपासणीला पुन्हा जायचं आहे, पुढच्या महिन्यात, दोन रात्री. आमचा अर्ज गेलेला आहे, पोलिसांचा दाखला आला, घराची पाहणी व्हायची आहे. या वेळी योजनेच्या ताईंना आम्ही आधीच लेखी कळवलं: कोण, किती दिवस, कुठला फोन. बाटली खिडकीतून हलवून कुलपात ठेवली. परवा मुलगी दुकानात जाता जाता थांबली आणि म्हणाली, धाकट्याला दिवा चालू लागतो, आणि भाकरी उशाशी ठेवली तर तुम्ही काढू नका.

आम्ही हो म्हणालो.