६२५ फुटांचा अर्थ

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी ६२५ फूट हा आकडा देशभर फिरू लागला. विमान तेवढ्या उंचीवर गेले आणि तिथून खाली आले, असे गृहीत धरून चर्चा रंगल्या. आकडा खरा होता. त्याचा लावला गेलेला अर्थ मात्र चुकीचा होता.

तो आकडा फ्लाइटरडार२४ या संस्थेने प्रसिद्ध केला होता. या संस्थेकडे येणारी माहिती बहुतांशी स्वयंसेवकांनी आपापल्या गच्चीवर बसवलेल्या ग्राहकयंत्रांतून येते. विमानातील ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख, स्थान, उंची आणि वेग सतत प्रक्षेपित करत असतो. प्रत्येक संदेश ११२ बिटांचा असतो आणि सुरुवातीची खूण धरून १२० मायक्रोसेकंदांत संपतो. त्यात विमानाचा २४ बिटांचा पत्ता असतो, ५६ बिटांची माहिती असते आणि शेवटी चूक ओळखण्यासाठी आणखी २४ बिट असतात. आसपासच्या विमानांनाही तो वाचता यावा म्हणून हा संदेश कूटबद्ध केलेला नसतो. मुळात दूरचित्रवाणीसाठी बनवलेले छोटे यूएसबी डोंगल या कामी येऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींनी दाखवून दिले. तेव्हापासून काही हजार रुपये, जेमतेम सात सेंटीमीटरची तार आणि एक साधा संगणक एवढ्यावर हे संदेश घरी उलगडता येतात.

जो स्वतः हे संदेश उलगडतो, त्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. संदेशातील ही उंची जमिनीपासून मोजलेली नसते. समुद्रसपाटीवरील वायुदाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असे मानून ती काढलेली असते आणि २५ फुटांच्या टप्प्यांनी सांगितली जाते. जूनमध्ये गुजरातेत हा दाब १००० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. जमिनीलगत एका हेक्टोपास्कलच्या फरकाने उंचीत सुमारे २७ फुटांचा फरक पडतो. म्हणजे केवळ दाबापोटी साडेतीनशे फूट वजा करावे लागतात. अहमदाबादचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १८९ फूट उंच आहे. तेवढेही वजा केले की हाती शंभर फुटांपेक्षा कमी उंची उरते. शिवाय ६२५ हा केवळ शेवटच्या संदेशातील आकडा होता. त्यानंतरही विमान सुमारे वीस सेकंद हवेत होते, त्यामुळे ती त्याची कमाल उंची म्हणता येत नाही.

धावपट्टीबाबतही तेच घडले. विमानाने पूर्ण लांबी न वापरता मधूनच उड्डाण केले, असा समज सुरुवातीला पसरला. प्रत्यक्षात जमिनीवरील विमानाचे सगळेच संदेश ग्राहकयंत्रांपर्यंत पोहोचले नव्हते. वेगवेगळ्या यंत्रांतील मूळ नोंदी पुन्हा तपासल्यावर विमानाने संपूर्ण धावपट्टी वापरल्याचे त्याच संस्थेने स्पष्ट केले. २६० मृतांची कुटुंबे उत्तराच्या प्रतीक्षेत असताना अर्धवट माहितीवर निष्कर्ष काढले जाणे ही क्षुल्लक बाब नव्हे. या चुका दुरुस्त झाल्या, त्या मूळ नोंदी उपलब्ध होत्या आणि त्या वाचता येणारी माणसे होती म्हणून.

या कौशल्याची गरज पुढे वाढणारच आहे. संदेशातील उंची वायुदाबावरून येत असली, तरी स्थान उपग्रहांवरून येते. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमावर्ती भागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये व्यत्यय आल्याच्या ४६५ घटना नोंदवल्या गेल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. पुढे दिल्ली विमानतळाजवळही काही विमानांना बनावट संकेत मिळाल्याचे सरकारने संसदेत मान्य केले. संकेत नुसते दडपले गेले, तर आपल्या स्थानाची खात्री घटल्याचे विमान स्वतःच संदेशात कळवते. संकेत बनावट असतील, तर विमान चुकीचे स्थान पूर्ण विश्वासाने सांगू शकते. ते पडताळण्याचा एक मार्ग भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलाच आहे. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. तोच संदेश चार ठिकाणी नेमका कधी पोहोचला, हे अचूक ठाऊक असेल, तर विमानाच्या सांगण्यावर विसंबून न राहता त्याचे स्थान काढता येते. त्यासाठी हवी असतात ती एकमेकांशी जुळवलेली घड्याळे आणि पुरेशी दाट पसरलेली ग्राहकयंत्रे.

ती पसरण्यात एक अडसर कायद्याच्या संदिग्धतेचा आहे. १८८५ च्या तार कायद्याची आणि १९३३ च्या बिनतारी कायद्याची जागा घेण्यासाठी आणलेल्या दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये रेडिओ उपकरण नुसते बाळगण्यासाठीही अधिकृत परवानगीची अट आहे. दूरसंचाराच्या व्याख्येत प्रक्षेपणाबरोबर ग्रहणही येते. सूट देण्याचा अधिकार सरकारकडे आहे. परंतु गच्चीवर तार लावणाऱ्या विद्यार्थ्याला आपण नेमके कुठे उभे आहोत, हे सहज कळेल अशी सोय नाही. पोलिसांनी विचारलेच तर काय दाखवायचे, या धास्तीने अनेक जण हा छंद सुरूच करत नाहीत.

सुरक्षेचा आक्षेप गांभीर्यानेच घ्यायला हवा. परंतु ग्राहकयंत्र काहीही प्रक्षेपित करत नाही. ज्या लष्करी विमानाला गुप्त राहायचे असते, ते हे प्रक्षेपण बंद ठेवू शकते. आणि ज्याचा हेतू वाईट आहे, तो परवान्याची वाट पाहत थांबणार नाही. एखाद्या व्यक्तीच्या खासगी प्रवासाचा माग काढण्याचा धोका खरा आहे. त्यावर बंधन घालायचे तर ते माहितीच्या गैरवापरावर घालावे.

म्हणून मागणी साधी आहे. १०९० मेगाहर्ट्झवर केवळ ऐकणाऱ्या यंत्रांना स्पष्ट, सर्वांना वाचता येईल अशा अधिसूचनेद्वारे सूट द्यावी. महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी हा प्रयोग अभ्यासक्रमात घ्यावा. लहरी, संख्याशास्त्र, वायुदाब आणि चूक ओळखणारी गणिते असे सगळे एका टेबलावर मावेल. अशा विभागांनी आपल्या मूळ नोंदी संशोधनासाठी खुल्या ठेवाव्यात. पुढच्या वेळी असा एखादा आकडा पडद्यावर झळकेल, तेव्हा तो कोणत्या दाबाला धरून आहे, हे विचारणारे कोणीतरी प्रत्येक जिल्ह्यात असायला हवे.