ओरडणाऱ्याला पाणबुडी सापडत नाही

अवकाशात हवा नाही, म्हणून आवाजही नाही. तरी 'स्टार ट्रेक' मालिकेच्या 'बॅलन्स ऑफ टेरर' या भागात शत्रूला ऐकू जाईल म्हणून माणसं कुजबुजत बोलतात. मला हसू आवरेना. "आजोबा, यात काय हसायचंय?" नातवाने विचारलं. मी नौदलात पंधरा वर्षं सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, काढली. तो ज्याला अवकाशयान म्हणत होता, ती मला पाणबुडी दिसत होती.

आणि होतीच. 15 डिसेंबर 1966 रोजी अमेरिकेत दाखवलेल्या या भागाचा सांगाडा 1957च्या 'द एनिमी बिलो' या चित्रपटाचा आहे. तिथे वर अमेरिकन विनाशिका, खाली जर्मन पाणबुडी. इथे कॅप्टन कर्कचं 'एंटरप्राइज' आणि शत्रू रोम्युलनांचं अदृश्य होणारं जहाज. मारा करायचा तर मात्र त्याला दिसावंच लागतं. दोन्ही कप्तान यंत्रं बंद करून तासन्‌तास दबा धरतात. तेवढ्यात कर्कचा सहकारी स्पॉक याचा हात चुकून एका बटणावर पडतो, आवाज होतो आणि समोरचा सावध होतो. विज्ञान चुकीचं, पण घाम खरा!

किनाऱ्याजवळच्या पाण्यात हेडफोन लावला की फोडणीतल्या मोहरीसारखी कोळंबीची तडतड ऐकू येते. त्यातून जहाजाच्या पंख्याचे ठोके वेगळे काढायचे. पुढे ठोक्यांवरून जहाज, वळणांवरून त्याचा कप्तान ओळखू येऊ लागतो. आता हा कुठे वळेल, हे कळायला घटकाभर त्याच्या डोक्यात जाऊन बसावं लागतं. कर्क आणि रोम्युलन कप्तान भागभर हेच करतात.

कर्कच्या ब्रिजवरचा अधिकारी स्टाइल्स याला मात्र ते जमत नाही. रोम्युलनांशी शंभर वर्षांपूर्वी झालेल्या युद्धात त्याच्या घराण्यातली माणसं गेलेली. पडद्यावर रोम्युलनांचे चेहरे पहिल्यांदा दिसतात, टोकदार कान थेट स्पॉकसारखे, आणि हा लगेच स्पॉकलाच हेर ठरवतो. कर्क त्याला बजावतो, असला आकस आपल्या खोलीत ठेव, इथे त्याला जागा नाही. शेवटी विषारी वायूतून स्टाइल्सला बाहेर ओढतो तो स्पॉकच.

शत्रूला एवढा शहाणा, थकलेला, माणसासारखा दाखवला की आपल्यांचं मनोबल खचतं, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी शेवट पाहावा. समोरच्याची कदर करत असूनही कर्क मारा करतो आणि जिंकतो. हरलेला रोम्युलन पडद्यावर येऊन सांगतो की, वेगळ्या परिस्थितीत आपण मित्र झालो असतो. मग तो स्वतःच जहाज उडवतो. इकडे कर्कला एका मुलीचं सांत्वन करावं लागतं. भागाच्या सुरुवातीला अर्ध्यावर थांबलेलं लग्न तिचंच होतं. नवरामुलगा लढाईत गेला.

मी भरती झालो तेव्हा आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेची जखम ताजी होती. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने ती बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. आमच्या चीफनी हे सांगताना एकदाही 'हंगोर'ला शिवी दिली नाही. तिने काय ऐकलं असेल, कुठे वाट पाहिली असेल, हे ते फळ्यावर खडूने काढून दाखवत. वर्गात कुणी दातओठ खाल्ले, तर म्हणत, "आधी ऐकायला शिक."

हल्ली रात्री बातम्या लावल्या की सहा चौकटींतून सहा जण एकाच वेळी शत्रूच्या नावाने ओरडत असतात. त्यातला एक जरी आमच्या सोनार रूममध्ये असता, तर चीफनी त्याला दंडाला धरून बाहेर काढला असता. शत्रूचा पुळका म्हणून नव्हे; आपलं जहाज वाचवायचं म्हणून.